मोऱ्या बुजवलेला गडगा

सन १९३१. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्या चुलत्याने मला मुंबईला गिरणीत घालायचं ठरवलं होतं. मला विचारून नव्हे. बा आधल्या वर्षी गेला होता, जमीन थोरला म्हणून चुलत्याच्या नावावर, आणि घरात मी नि आय दोघंच. त्यामुळे ठरवायला तो मोकळा होता.

चुलत्याला तोंडावर मी कायम काका म्हटलं, तुम्ही म्हटलं. कागदावर म्हणणार नाही. इतकी वर्षं झाली, तो गेला, त्याच्या तेराव्याला मी जेवलो, तरी माझा राग गेलेला नाही. कोणी सांगतं, म्हाताऱ्या, आता सोड. का सोडू? मी दुसरी यत्ता शिकलो, लिहिता येतं तेवढं लिहितो. माझं खरं आहे ते लिहून ठेवतो.

आमची वाडी पोलादपूरहून महाडला येताना उजव्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. आमचा राब वाडीच्या वर. राब म्हणजे भाताचं रोप करायची जागा. उन्हाळ्यात तिथं पालापाचोळा नि शेण पसरून भाजायचं, मिरगाला भात पेरायचं, रोप वीतभर झालं की उपटून खाली खाचरात लावायचं. राब केवढा, अंगणाएवढा. पण तो गेला की वर्ष गेलं. डोंगरमाथ्यावरच्या वाडीची म्हसरं पावसाच्या तोंडाला खाली उतरतात, आणि आजूबाजूला सगळं पिवळं असताना हिरवंगार रोप एवढंच त्यांना दिसतं. दोष म्हसरांचा नाही. पेरणाऱ्याने राखायचं, ही आमच्याकडची रीत.

आधल्या वर्षी बा आजारी, म्हणून मी एकट्याने करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घातली होती. काट्याची वई उन्हाळ्यात माणसालाही शिरू देत नाही. पण आमच्या पावसात काटा भिजतो, मऊ होतो, खाली बसतो, पंधरा दिवसांत त्याचं खत होतं. म्हसरं वईवरून चालत आली आणि रोप बुडख्यापर्यंत खाऊन गेली. त्या वर्षी आम्ही दुसऱ्यांच्या लावणीतून उरलेल्या रोपांच्या मुठी मागून आणल्या आणि अर्धी खाचरं पडीक ठेवली.

हे चुलत्याच्या कानावर गेलं. शिमग्याला तो आला तो कायमचा आल्यासारखाच आला. गिरणीत मुकादम होता, छातीत कफ धरायचा म्हणून पावसाळा गावी काढायला डॉक्टराने सांगितलं होतं. बरोबर ट्रंक, चहाची पूड, साखर, आणि काटेरी तारेचं एक भलं मोठं वेटोळं. ते वेटोळं दोघा माणसांनी काठीला अडकवून बंदरावरून आणलं. वाडीतली सगळी पोरंटोरं मागे. चुलता आमच्या समोरच्या त्याच्या घराच्या पडवीत बसला आणि चार माणसांच्या देखत मला म्हणाला,

"ह्या साली राब राखलास तर शेत कर. नाय राखलास तर नारळी पौर्णिमेला बोटी चालू झाल्या की माझ्यासंगं चल. शेत मी अर्धेलीनं देतो कुनाला तरी. खाली-पिली जमीन नासवायची नाय."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलं नाही. कुंपण कशाचं घालायचं? उठता बसता तेच. मला मुंबईला जायचं नव्हतं. मुंबईला गेलेले आमच्या वाडीचे लोक मी पाहिले होते, सणाला येत आणि दोन दिवस झाले की आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसत.

चुलत्याचं म्हणणं सोपं होतं. तार. गिरणीच्या कंपौंडाला तार आहे, साहेबाच्या बंगल्याला तार आहे. मी म्हटलं, काका, तार राहील, पण खुंट कशाचे? तो म्हणाला, लाकडाचे. वीस वर्षं मुंबईला राहिला की माणूस आपलाच पाऊस विसरतो. आमच्याकडे कुठलंही लाकूड पुरा आणि दोन पावसाळ्यांनी उपटून बघा. मातीच्या आत शाबूत, मातीच्या वर शाबूत, आणि माती नि वारा जिथं भेटतात तिथं भुसा. पाटलाच्या बागेचे खुंट असेच एका रात्रीत गुडघ्यात मोडले होते. खैराचा खुंट टिकतो, पण खैराला हात लावला की जंगलाचा शिपाई दारात. पांगाऱ्याचा खुंट जगतो, पालवतो, पण तो पाला म्हशीला पक्वान्न. म्हशीला बोलवायला झाड लावल्यासारखं. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग त्याला भुंगा लागत नाही. ती वेळ तर निघून गेली होती. चिकाचा शेर लावला तर त्याच्या बुडाशी पाणी साचून तो सडतो. निगडी, म्हणजे निर्गुडी, सगळ्यांत चांगली. काडी खोचली की जगते, पाण्यात मरत नाही, आणि तिच्या कडू वासाने कुठलंही जनावर तोंड लावत नाही. पण तिची दाट वई व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मला एक पावसाळा दिला होता.

राहिला दगड. आमच्या डोंगराला दुसरं काही नाही, दगड मात्र हवा तेवढा. मी गडगा घालायचं ठरवलं. नुसता दगडावर दगड, मधे माती नाही, चुना नाही.

चुलता हसला. म्हणाला, "दगड रचून काय किल्ला बांधतोस काय रे?" पडवीतली माणसंही हसली. साखरेचा चहा पीत होती, हसणारच.

मी गडगा घातला. शिमग्यापासून मिरगापर्यंत मी आणि आय. ओढ्यातला गोल दगड घ्यायचा नाही, तो गडगडतो. डोंगराचा कोनाकोनाचा काळा दगड घ्यायचा. खाली रुंद, वर अरुंद, दोन्ही अंगं आत कलती. वरचा दगड खालच्या दोघांवर बसला पाहिजे, एकावर एक ठेवला की तिथंच फट धरते. हलला तर खाली चीप ठोकायची. आय चिपा वेचून देई, डोक्यावर चुंबळ ठेवून दगडही आणी. माझ्या हातांची बोटं इतकी सोलली की भाकरी मोडताना मीठ झोंबे. मला ते आवडत होतं. हे लिहायला मी लाजत नाही. असा गडगा आमच्या वाडीत पूर्वी कोणी घातला नव्हता आणि नंतरही नाही.

आणि मी मोऱ्या ठेवल्या. ही गोष्ट नीट वाचावी, कारण सगळं तिच्यावर आहे. डोंगरावरचं पाणी राबाच्या वरच्या अंगाला येतं. गडग्याच्या बुडाशी ठराविक अंतरावर हातभर उंचीची भोकं ठेवायची, त्यातून पाणी शिरायचं, आत काढलेल्या पाटांतून राबाच्या कडेने निघून जायचं. डुकराचं पिल्लू शिरू नये म्हणून भोकात काट्याचा झुपका कोंबायचा, पाणी त्यातून जातं. मोरी नसलेला गडगा म्हणजे बांध. आणि डोंगराचं पाणी बांधाला ऐकत नाही. हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मी काही नवीन शोधून काढलं नव्हतं.

चुलत्याची तार वाया गेली नाही. त्याने ती पडवीत आडवी ताणली आणि पावसात सदरे वाळत घातले. आठ दिवसांत प्रत्येक सदऱ्याच्या पाठीवर गंजाचा तांबडा पट्टा. धुऊन जाईना. तो सदरे धुणाऱ्या बायकांवर ओरडला. आयने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला.

पेरणी झाली, रोप आलं. म्हसरं उतरली, गडग्याशी आली, नाक लावून उभी राहिली आणि परत गेली. मी पाहिलं. एक म्हैस पुढचे पाय वर टाकून बघत होती, दगड हलला नाही. आर्द्रा लागली तेव्हा रोप वीतभर व्हायला आलं होतं. आणखी आठ-दहा दिवस, की लावणी.

तेवढ्यात नांगरणीला आणलेला मामाचा बैल परत करायला मला वरंधला जावं लागलं. बैल परत द्यायचा दिवस ठरलेला, आणि मामाचीही लावणी तोंडावर. मी गेलो आणि ओढे भरले. मामाच्या घरी दोन दिवस अडकलो. मी नुसता ओटीवर येऊन डोंगराकडे बघत होतो. मामी म्हणाली, पोराला काय झालंय.

परत आलो तेव्हा वाडीच्या अलीकडच्या चढावरूनच दिसलं. वरच्या अंगाचा गडगा नव्हता. उभा होता तो राबावर आडवा झाला होता. दगड, चिखल, आणि त्याच्यात कुठेकुठे हिरवं.

मी धावलो. राबात आय वाकलेली होती, दगड उचलून बाजूला टाकत होती. चुलता पडवीत उभा. तो तिथूनच ओरडला, "बघ, तुझा किल्ला पडला."

मी त्याच्याकडे गेलो नाही. पडलेल्या दगडांकडे गेलो. आणि दगड हातात घेतला तर त्याला चिकणमाती लागलेली. लिंपलेली. दोन्ही बाजूंनी, सफाईने, भिंत सारवावी तशी. उभ्या राहिलेल्या तुकड्याशी गेलो. तो तुळतुळीत. मोरीच्या जागी दगड कोंबून वर माती थापलेली, आणि मातीवर बायकांच्या बोटांचे ठसे.

मी आयला विचारलं. तिने दगड उचलणं थांबवलं नाही. उचलता उचलता सांगितलं. मी गेलो त्याच दिवशी चुलत्याने वाडीतल्या बायकांना बोलावलं, घरोघरची एक. सगळ्यांना साखरेचा चहा केला. म्हणाला, गडगा उघडावाघडा दिसतो, फटी दिसतात, पोराने मेहनत केलीय तर आपण तिला जरा रूप देऊ. गिरणीच्या कंपौंडासारखं. एकही भोक दिसता कामा नये. पाऊस थोडा उघडला होता, बायकांनी चिकणमाती तुडवली आणि लिंपायला घेतलं.

"आणि मोऱ्या?"

"मोऱ्यापन."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"सगळ्यांना ठाऊक व्हतं," आय म्हणाली.

त्या एका वाक्याने मला जो राग आला तो अजून आहे. सगळ्यांना ठाऊक होतं. एक म्हातारी पुटपुटली म्हणे, पाणी कुठनं जायाचं, तर दुसरीने तिला कोपराने ढोसलं. त्याचा चहा त्यांनी प्यालेला, वडीलधारा माणूस सांगतोय, त्यातून मुंबईचा. कोण बोलणार? आणि माझी आय तर बोलूच शकत नव्हती. तो तिचा थोरला दीर. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बाई बोलत नाही. समोरून आला तर पदर ओढून भिंतीकडे तोंड करते. काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाच्या मुखाने सांगायचं, आमच्या घरात तो तिसरा माणूस मी, आणि मी वरंधला. वीस वर्षांहून जास्त ती त्या घरात होती आणि चुलत्याशी एक शब्द बोललेली नव्हती. त्याला हाक काय मारायची हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती. म्हणून मोऱ्या बुजवू नयेत हे ठाऊक असून तिने स्वतःच्या हातांनी त्या बुजवल्या.

त्याच दिवशी डोंगरावर पाऊस कोसळला. पाणी गडग्याशी आलं, वाट मिळेना, वर चढत गेलं आणि वरच्या अंगाचा गडगा एकदम राबावर झोपला.

मग आम्ही दोघं दिवसभर राबात. दगडाखालचं रोप बोटांनी सोडवायचं, ओढ्यात धुवायचं, मूठ बांधायची. रोप चिवट असतं, एक-दोन दिवस दाबलं तरी मुळं धरून असतं. पुष्कळ मेलं होतं. जगलं ते वरच्या खाचरांपुरतं, जेमतेम. मधे कोणी कोणी बायका आल्या, न बोलता दगड उचलू लागल्या. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला चुलत्याच्या पडवीत गावकीची चार माणसं जमली. मला बोलावलं. मी गेलो तो मोरीतून काढलेला मातीचा गोळा हातात घेऊन, तसाच ठशांसकट, आणि त्यांच्या मधोमध ठेवला. म्हणालो, गडगा माझ्या रचण्याने पडला नाही, ह्याने पडला.

चार माणसांनी गोळ्याकडे बघितलं. एकाने तंबाखू मळायला घेतली. दुसरा म्हणाला, काय आहे, पाऊसच तसा झाला. तिसरा म्हणाला, काका वडील माणूस, वाईट करायला का करील? मी म्हणालो, वाईट करायला केलं असं मी म्हणत नाही, मोऱ्या बुजवल्या एवढं म्हणतो. कोणी हो म्हणेना. ज्यांच्या बायकांची बोटं त्या गोळ्यावर होती तेच बसले होते, तरी कोणी हो म्हणेना.

मग चुलता म्हणाला, "मी नुसतं वरनं लिंपायला सांगितलं व्हतं. मोऱ्या बायकांनीच आपल्या अकलेनं बुजवल्या, त्याला मी काय करू? आणि बोली ती बोली. राब राखला नाय. नारळी पौर्णिमेला तो माझ्यासंगं येईल."

आय चहापाण्याचं बघायला त्याच्याच घरात, दाराच्या आत होती. ती बाहेर आली. मला वाटलं पाणी द्यायला आली असेल. डोक्यावर पदर होता, पण तोंड भिंतीकडे नव्हतं. ती चुलत्याच्या समोर उभी राहिली. हात अजून चिखलाचे.

"तुमीच सांगितलंत," ती म्हणाली. "एकही भोक दिसता कामा नये म्हनालात. मला इचारायचं व्हतं, पानी कुठनं जाईल. तुमच्यासमोर बोलायची रीत नाय म्हून गप ऱ्हायले. गप ऱ्हायले म्हून रोप गेलं. आता बोलते. माझा पोरगा मुंबईला जायाचा नाय."

तंबाखू मळणाऱ्याचा हात तसाच राहिला. चुलत्याचं तोंड उघडं होतं. मला वाटतं त्याने माझ्या आयचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्या चौघांत सगळ्यांत म्हातारा होता तो खाकरला. तो म्हणाला, रोप हाय तेवढं पोराला लावू द्या, शेत त्यालाच करू द्या. रोप उपटून झालंय, ते काय पौर्णिमेची वाट बघत नाय. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. त्यांना आयचं बरोबर वाटलं म्हणून नव्हे. ती अजून काही बोलेल, घराघरातल्या बायका बोलू लागतील, अशी धास्ती वाटली म्हणून. मी त्यांची तोंडं बघत होतो, मला ठाऊक आहे.

चुलता उठला. म्हणाला, "लावा. शेत करा, राब करा, काय करायचं ते करा. पन भावजय तोंडाला तोंड देते त्या घराचं पाऊल माझ्या अंगनात नको. आजपासून नको."

अंगण एकच होतं. दोन घरं समोरासमोर, मधे एक अंगण, एकच तुळस. त्याच्या बापाने नि माझ्या आजाने, म्हणजे एकाच माणसाने, ते केलेलं. आय त्या अंगणातूनच चालत आपल्या दारात गेली, सावकाश, आणि मी तिच्या मागून गेलो. घरात आल्यावर ती चुलीपाशी बसली आणि हात धुवायचे राहिले म्हणाली. मी तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. मी डोक्यावर इरलं घेतलं, कोयता घेतला आणि ओढ्याकाठी गेलो. तिथं निगडी माजलेली. अंगठ्याएवढ्या जाड काठ्या तोडल्या, एका मापाच्या, पाला साफ केला, भारा बांधला. दगडाचा विचार मनात आला होता, पण त्या माणसासाठी मी पुन्हा दगड उचलणार नव्हतो. निगडीला दोन-तीन वर्षं लागतात. लागू देत. आता मला घाई नव्हती.

भारा आणून अंगणात टाकला. पहार घेतली आणि तुळशीपासून सुरुवात केली, तिला आमच्या बाजूला ठेवून. पहारीने भोक पाडायचं, काठी बुडखा खाली करून खोचायची, टाचेने माती दाबायची. दोन काठ्यांत वीतभर अंतर. पागोळ्यांचं पाणी मधून वाहत होतं, काठ्यांना त्याची अडचण नव्हती.

थोड्या वेळाने चुलता दारात आला. दातांना मिश्री लावत होता. बघत राहिला. मग थुंकला आणि विचारलं,

"काय करतोस रे?"

"तुमी सांगितलंत तेच, काका. आमचं पाऊल तुमच्या अंगनात पडू नये म्हून कुंपन घालतोय."

तो काठीकडे बघून म्हणाला, "निगडी?"

"होय," मी म्हणालो. "ह्याला कुठलंच जनावर तोंड लावत नाय."

आणि पहार उचलून मी पुढचं भोक पाडायला घेतलं.